छतावरचा अँटेना आणि पुस्तकातला अँटेना

गेल्या वर्षी फेब्रुवारीत साताऱ्याला विज्ञान शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात विद्युतचुंबकीय लहरींवर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर नेहमीचे दोन-तीन प्रश्न झाले आणि मग सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. "सर, प्रश्न घरगुती आहे. विचारू का?"

प्रश्न असा होता. बाई विश्रामबागेत एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. सासूबाईंना सह्याद्री वाहिनी पाहायची असते. बाकी वाहिन्यांशी त्यांना कर्तव्य नाही. दरमहा पैसे भरण्यापेक्षा दूरदर्शनची फ्री डिश लावावी असे घरात ठरले. पण गच्चीवर पाणी न झिरपण्याचे काम नुकतेच केलेले असल्याने सोसायटीने तेथे डिश लावू देणार नाही असे कळवले. डिश बसवणारा म्हणाला, "बाल्कनी पश्चिमेला आहे, फ्लॅटमध्ये सिग्नल मिळायचा नाही, गच्चीच पाहिजे." बाई पुढे म्हणाल्या, "मी सोळा वर्षे संदेशवहनाचे प्रकरण शिकवते आहे. पण तो माणूस खरे सांगतो की खोटे, हे मला ठरवता येईना. पुस्तकातले सूत्र आठवले, त्यात दुसऱ्या मजल्याची उंची घातली. उत्तर किलोमीटरमध्ये आले."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

मी त्यांना तेव्हा जे उत्तर दिले ते पुढे सांगतोच. पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. सोळा वर्षे एखादे प्रकरण शिकवणाऱ्या शिक्षिकेला त्या प्रकरणाचा स्वतःच्या खिडकीत उपयोग होत नसेल, तर दोष शिक्षिकेचा की प्रकरणाचा, हे एकदा तपासून पाहायला हवे. म्हणून घरी आल्यावर एनसीईआरटीचे बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक काढून बसलो. हे पुस्तक निवडण्याचे कारण साधे आहे: केंद्रीय मंडळाच्या शाळांखेरीज राज्य मंडळाचे असंख्य विद्यार्थीही प्रवेश परीक्षांसाठी ते अक्षरशः पाठ करतात. त्यातील 'संदेशवहन प्रणाली' हे पंधरावे प्रकरण २०२२-२३ साली अभ्यासक्रम हलका करताना वगळण्यात आले. मात्र त्याच आशयाचा भाग राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात तेराव्या प्रकरणात आहे आणि ते प्रसिद्ध सूत्रही तेथे आहेच.

आधी चांगले ते सांगितले पाहिजे. अँटेनाचा आकार तरंगलांबीशी तुलना करण्याजोगा असावा लागतो, निदान तिच्या एक चतुर्थांश तरी, ही गोष्ट या प्रकरणात नीट पटवून दिली आहे. २० किलोहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी १५ किलोमीटर भरते, एवढा अँटेना कोण उभारणार, म्हणून आवाजाच्या वारंवारतेच्या लहरी थेट प्रक्षेपित करत नाहीत, हा युक्तिवाद मुलांना लगेच कळतो. अडचण आहे ती त्यापुढच्या आकड्यांची.

त्याच पुस्तकात विद्युतचुंबकीय लहरींच्या आठव्या प्रकरणात एक वाक्य आहे: दूरचित्रवाणीच्या लहरी ५४ ते ८९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात. त्याच्या जवळच मध्यम लहरींचा रेडिओ ५३० ते १७१० किलोहर्ट्झमध्ये असतो असेही म्हटले आहे. मी ही वाक्ये आजवर कितीतरी वेळा वाचली होती आणि एकदाही ती खटकली नव्हती. या वेळी खटकली, कारण हे आकडे भारतातले नाहीतच. ते अमेरिकेतले आहेत. तेथील दूरचित्रवाणीचा दुसऱ्या क्रमांकाचा चॅनेल ५४ मेगाहर्ट्झला सुरू होई आणि ८३ क्रमांकाचा ८९० ला संपे. त्यातलाही वरचा भाग तेथे हे पुस्तक लिहिले जाण्याच्या बऱ्याच आधी दूरचित्रवाणीकडून काढून घेण्यात आला होता. आपल्याकडे दूरदर्शनने वापरलेले पट्टे वेगळे: ४७ ते ६८ मेगाहर्ट्झचा पहिला, १७४ ते २३० चा तिसरा आणि त्याच्या वर ४७० पासून पुढचा. एखादा चौकस मुलगा विचारील की ५४ ते ८९० सगळे दूरचित्रवाणीचे, तर मग मध्येच ८८ ते १०८ मध्ये एफएम रेडिओ कसा बसतो? पुस्तकात एफएमचा आकडा लगेच पुढच्या वाक्यात आहे, पण त्याचे उत्तर नाही. उत्तर इतकेच की तो पट्टा सलग नाही, तुकड्यातुकड्यांत आहे.

मध्यम लहरींचा आकडा तर आपल्याला घरबसल्या तपासता येतो. १९७५ च्या जिनिव्हा येथील करारानुसार आशिया, युरोप व आफ्रिकेत मध्यम लहरींची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवण्याचे ठरले आणि १९७८ पासून ते अमलात आले. अमेरिकेत हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे. आपल्या पट्ट्यातील पहिली वारंवारता ५३१, शेवटची १६०२. आता सांगलीकरांच्या कानात बसलेला आकडा घ्या: आकाशवाणी सांगली, १२५१ किलोहर्ट्झ. त्याला ९ ने भागा. १३९ येतात, बाकी शून्य. पुण्याचे ७९२ म्हणजे ९ गुणिले ८८. मुंबईचे १०४४ म्हणजे ९ गुणिले ११६. आठवीतल्या मुलाला हा भागाकार दिला तरी त्याच्या लक्षात येईल की या आकड्यांमागे काहीतरी नियम आहे. गावातल्या केंद्राच्या वारंवारतेत एवढी गंमत दडलेली असताना आपण मुलांकडून दुसऱ्या खंडातल्या पट्ट्याची टोके पाठ करून घेतो.

आकडे अमेरिकेचे असले म्हणून काय बिघडले, तत्त्व तर तेच आहे ना, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की आकड्यावरून अँटेनाची लांबी ठरते आणि लांबी ही हाताने मोजायची गोष्ट आहे. सातारा-सांगलीच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर अजूनही आडव्या कांड्यांचे गंजके अँटेने दिसतात. भूतलीय प्रक्षेपण दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले आणि मार्च २०२२ पर्यंत, सीमेवरच्या वगैरे महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० प्रक्षेपक सोडले तर, जुन्या पद्धतीचे सारे प्रक्षेपक मिटवायचे असे जाहीर केले. त्यामुळे हे अँटेने आता कशाच्याच कामाचे नाहीत. शिक्षकांच्या मात्र फार कामाचे आहेत. सांगलीत माझ्या मावशीच्या इमारतीवर असा एक मला मिळाला. त्यातली जी कांडी लांबट कड्यासारखी वाकवलेली असते आणि जिला वायर जोडलेली असते, ती मुख्य कांडी. तिची लांबी ७२ सेंटिमीटर भरली. ही लांबी म्हणजे अर्धी तरंगलांबी, धातूच्या जाडीमुळे पाचेक टक्के कमी केलेली. म्हणजे तरंगलांबी सुमारे १ मीटर ५२ सेंटिमीटर आणि वारंवारता जवळपास १९८ मेगाहर्ट्झ. हा झाला तिसरा पट्टा, अगदी मध्यावर. बाजारात मिळणारे अँटेने ५ ते १२ या साऱ्या चॅनेलना मिळून एकच असत, म्हणून मोजमापावरून नेमका चॅनेल कळत नाही, पट्टा कळतो. पहिल्या पट्ट्याचा अँटेना असता तर हीच कांडी दोन ते तीन मीटर लांब भरली असती. मोजपट्टी आणि भागाकार यांवरून न दिसणाऱ्या लहरीची लांबी सांगता येते, हे मुलांना एकदा करून दाखवावे. पुस्तकातले ५४ ते ८९० घेऊन गच्चीवर गेलात तर अँटेना १७ सेंटिमीटरचाही असू शकतो आणि पावणेतीन मीटरचाही. म्हणजे काहीच सांगितले नाही.

आता त्या सूत्राकडे वळू. प्रक्षेपक मनोऱ्याची उंची आणि पृथ्वीची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या दुपटीचे वर्गमूळ म्हणजे मनोऱ्यावरून दिसणाऱ्या क्षितिजाचे अंतर. ग्राहक अँटेनाही उंचावर असेल तर त्याचे क्षितिज त्यात मिळवायचे. भूमितीने हे निर्दोष आहे. वातावरणामुळे लहरी किंचित खाली वाकतात आणि प्रत्यक्ष पल्ला सुमारे १५ टक्के वाढतो, हे सांगितले तर अधिक चांगले, पण तो तपशील झाला. माझी तक्रार त्यावर दिलेल्या उदाहरणांविषयी आहे.

पंधराव्या प्रकरणातील सोडवलेले उदाहरण पाहा. प्रक्षेपक अँटेनाची उंची ३२ मीटर, ग्राहक अँटेनाची ५० मीटर, तर कमाल अंतर किती? उत्तर ४५.५ किलोमीटर. वर्गमुळे सोपी यावीत म्हणून हे आकडे निवडले आहेत हे उघड आहे. पण ५० मीटर म्हणजे सोळा मजले! आणि ग्राहकाचा अँटेना प्रक्षेपकाच्या मनोऱ्यापेक्षा उंच! असे घर ना साताऱ्यात सापडेल ना सांगलीत, आणि सापडले तरी त्याच्या मालकाला मनोरा बांधणाऱ्यांची कीव येईल. साध्या चार मजली इमारतीची गच्ची १४ मीटरवर धरली तर तिचे क्षितिज १३.४ किलोमीटर येते. गच्चीवर तीन मीटरचा पाइप उभा करून अँटेना वर नेला तर १४.८. सूत्राच्या हिशेबाने पाइपची कमाई सव्वा-दीड किलोमीटर. पण ज्यांनी १९९० च्या दशकात पाइप फिरवले आहेत त्यांना माहीत आहे की त्या तीन मीटरने चित्र पार बदलून जाई. ते क्षितिजामुळे नव्हे. शेजारची पाण्याची टाकी आणि जिन्यावरची खोली त्यामुळे वाटेतून दूर होई म्हणून. पृथ्वीच्या गोलाईचा अडथळा घरापासून बारा किलोमीटरवर असतो. टाकीचा बारा फुटांवर.

स्वाध्यायातला एक प्रश्न याहून मासलेवाईक आहे. ८१ मीटर उंच मनोरा आहे, ग्राहक अँटेना जमिनीवर आहे, तर किती क्षेत्राला सेवा मिळेल? उत्तर ३,२५८ चौरस किलोमीटर. म्हणजे ३२ किलोमीटर त्रिज्येचे नितळ वर्तुळ. हे वर्तुळ आपण साताऱ्याच्या नकाशावर काढू. शहराच्या दक्षिणेला अजिंक्यतारा आहे, त्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे. गड शहरापासून सुमारे ३०० मीटर उंच. सूत्रात नुसती गडाची उंची घातली तरी क्षितिज ६२ किलोमीटरवर जाते. सरळ रेषेत कराड साधारण ४७ किलोमीटर, वाई साधारण ३२. तेव्हा दोन्ही गावे वर्तुळात, आणि वाई अधिक जवळ म्हणून अधिक सुखी, असे पुस्तक म्हणेल. आता नकाशावर अजिंक्यतारा आणि वाई यांना जोडणारी रेषा काढा. जवळपास त्याच रेषेत वैराटगड उभा आहे, आणि तो अजिंक्यताऱ्याहून उंच आहे. वाईकरांना अजिंक्यतारा दिसत नाही यात पृथ्वीच्या गोलाईचा काही संबंध नाही. कराडच्या बाजूला कृष्णेचे खोरे मोकळे आहे, तिकडे सूत्राला थोडाफार वाव. सांगलीच्या सपाटीवर तर ते चांगलेच चालते. म्हणजे एकच सूत्र सांगलीत शहाणे ठरते आणि साताऱ्यात वेडे. हा फरक का पडतो, हे शिकवणे म्हणजेच ते सूत्र शिकवणे. उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा घेऊन दोन गावांमधला छेद आलेखाच्या कागदावर काढायला भूगोलाच्या शिक्षकांची मदत घेतली तर एक तास पुरतो.

पल्ला उंचीवरच अवलंबून असतो असा समजही या प्रश्नांमुळे पक्का होतो. १९८४ साली देशात जवळजवळ दिवसाला एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपक उभारले गेले, ते बहुतेक १०० वॉटचे होते. घरातल्या दिव्याएवढी ही शक्ती. अशा प्रक्षेपकाचे क्षितिज साठ किलोमीटरवर असले तरी चित्र पंचवीसेक किलोमीटरनंतर मुंग्यांनी भरून जाई. क्षितिज ही मर्यादा आहे, हमी नव्हे.

आणि डोंगर नुसता अडवत नाही, तो परतवतोही. चित्राच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसे, तिला कोणी 'भूत' म्हणत, कोणी 'डबल'. साताऱ्यासारख्या डोंगरांच्या कुशीतल्या गावात हे भूत घरोघरी असे. थेट आलेल्या लहरीमागून डोंगरावर आपटून आलेली लहर उशिरा पोचते, एवढेच त्याचे रहस्य. पण त्यातून डोंगराचे अंतर मोजता येई. आपल्या पद्धतीत चित्राची एक आडवी ओळ ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाई. पडदा ४० सेंटिमीटर रुंद असेल आणि भूत २ सेंटिमीटर सरकलेले असेल, तर उशीर २.६ मायक्रोसेकंदांचा. लहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते, म्हणजे तिने ७८० मीटर जादा वाट चाललेली. डोंगर घराच्या थेट मागे असेल तर तो ३९० मीटरवर. घराघरात संध्याकाळी चालू असलेला हा प्रयोग आपल्या पुस्तकांत कधी आला नाही, आणि आता तो करताही येत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. भुतावर उपाय म्हणून लोक उंची वाढवत किंवा 'बूस्टर' बसवत. बूस्टर खऱ्या चित्रासोबत भूतही तेवढेच मोठे करी. उपाय असे तो अँटेना थोडा वळवण्यात, डोंगराकडून येणारी लहर त्याच्या कमी संवेदनशील बाजूला पडेल असा. १९२६ साली जपानमधील सेंदाई येथे उदा आणि यागी यांनी पुढे-मागे कांड्या लावून अँटेनाला दिशा दिली ती याचसाठी. वर सांगितलेल्या सोडवलेल्या उदाहरणात अँटेनाला उंची आहे. तोंड कुठे, हा प्रश्न नाही. छतावरच्या माणसाचा सगळा वेळ मात्र त्यातच जाई, आणि खालून घरातली मुले ओरडत, "आलं, आलं... गेलं!"

दिशेचा हा मुद्दा रेडिओलाही लागू आहे. १२५१ किलोहर्ट्झची तरंगलांबी २४० मीटर. ही लहर जमिनीला धरून जाते, टाकीबिकीला जुमानत नाही. तिला गच्चीची गरज नाही. पण काँक्रीटमधल्या सळयांची जाळी तिला घरात नीट शिरू देत नाही, म्हणून बॅटरीवरचा रेडिओ फ्लॅटच्या मधल्या खोलीत कुरकुरतो आणि खिडकीशी नेला की बोलू लागतो. त्याच्या पोटात फेराइटची कांडी असते. तिचे टोक केंद्राकडे रोखले की आवाज बारीक होतो आणि आडवी धरली की मोठा. दोन खोल्यांतून ही दिशा नोंदवून दोन रेषा काढल्या तर प्रक्षेपकाची बाजू कळते. (एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर तेवढे बंद ठेवावेत, हल्ली सगळ्यात मोठा गोंगाट त्यांचा.)

आता बाईंच्या खिडकीकडे. भूतलीय अँटेनाची जागा डिशने घेतली, पण प्रश्न तोच राहिला: फ्लॅटमध्ये तो लावायचा कुठे? मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद धरून सोळा शहरांत दूरदर्शनने २०१६ मध्ये अंकीय भूतलीय प्रक्षेपण सुरू केले. सातारा-सांगली त्या यादीत नव्हती. येथे आकाशाकडेच पाहावे लागते. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो हे प्रत्येक विद्यार्थी सांगतो. तो आमच्या घरातून कुठे दिसेल, हे विचारले की वर्ग गप्प होतो.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. सांगली सुमारे १६.९ उत्तर आणि ७४.६ पूर्व. रेखांशातला फरक १९ अंशांचा. हा फरक आणि आपला अक्षांश या दोन आकड्यांवरून बारावीच्या त्रिकोणमितीने उत्तर निघते: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३० अंश, म्हणजे आग्नेयेपेक्षा किंचित पूर्वेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. साताऱ्याचे उत्तर याहून अंशभरानेच वेगळे. म्हणजे डिश बसवणारा अर्धे खरे बोलत होता. पश्चिमेच्या बाल्कनीतून हा उपग्रह दिसणे शक्य नाही, मध्ये अख्खी इमारत उभी आहे. पण त्यावरून गच्चीच पाहिजे हे सिद्ध होत नाही. मी बाईंना विचारले, "पूर्वेला किंवा दक्षिणेला खिडकी आहे?" त्या म्हणाल्या, "झोपायच्या खोलीची पूर्वेला आहे. पण वर छज्जा आहे."

छज्ज्याचा हिशेब फळ्यावरच केला. ६० अंशांच्या कोनाची टॅन किंमत १.७३. डिशच्या वरच्या कडेपासून छज्जा सव्वा मीटर उंच असेल, तर उपग्रहाच्या दिशेने ७२ सेंटिमीटरपर्यंतचे छप्पर आड येत नाही. खिडकी नेमकी पूर्वेला आणि उपग्रह तिच्या समोरच्या रेषेपासून ४० अंश उजवीकडे, म्हणून भिंतीपासून बाहेर मोजायचे तर हे ७२ चे ५५ होतात. छज्जे बहुधा दीड फुटाचे असतात, म्हणजे ४५ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर राखून जमते! वर्गात आता कोणी हसत नव्हते. मागच्या बाकावरचे दोघे स्वतःच्या घराच्या खिडक्या मोजू लागले होते.

येथे एक ठेच हमखास लागते. ६० अंश वर पाहायचे तर डिश जवळजवळ आडवी पडलेली हवी, पण लोकांच्या भिंतीवरच्या डिश तर बऱ्याच उभ्या दिसतात. याचे कारण त्या अन्वस्ताचा मधला भाग नसून बाजूचा कापलेला तुकडा असतात. त्यांचे तोंड दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. आणि चूक फार चालत नाही. ११ गिगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी २.७ सेंटिमीटर, ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर फक्त तीनेक अंश रुंद असते.

कोन मोजायला साधन नाही, होकायंत्र सळयांजवळ फसवते, मग खात्री कशी करायची? यासाठी पुस्तकात नसलेला एक फुकटचा मार्गदर्शक आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्याने भूस्थिर उपग्रह आपल्याला खगोलीय विषुववृत्ताच्या तीन अंश दक्षिणेला दिसतो. सूर्य त्या जागी वर्षातून दोनदा येतो: १२ मार्चच्या आसपास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास. सातारा-सांगलीहून पाहिले तर मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरमध्ये अकराला सहा-सात मिनिटे कमी असताना सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे असतो. (सूर्याचा रेडिओ गोंगाट डिशमध्ये शिरून काही मिनिटे चित्र बिघडते, ते याच दिवसांत.) त्या क्षणी भिंतीवरच्या ज्या जागेवर ऊन पडेल, तेथून उपग्रह दिसेल. सावली असेल तर दिसणार नाही. शाळेच्या प्रत्येक मुलाला आपल्या घरी हे पाहून यायला सांगता येईल. कोणाच्या बाल्कनीत चालेल, कोणाच्या नाही, याचा नकाशा वर्गात तयार होईल. त्यात भूगोल आहे, त्रिकोणमिती आहे, खगोलशास्त्र आहे आणि घरातल्या एखाद्या म्हातारीची सोयही आहे.

केंद्रीय पुस्तकातून ते प्रकरण गेले, याबद्दल काही शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला तसे वाटत नाही. प्रकरणात उणे होते ते ठिकाण, विषय नव्हे. ५४ च्या जागी १७४, सोळा मजल्यांच्या जागी चार, वर्तुळाच्या जागी वैराटगड, एवढी दुरुस्ती कोणत्याही शिक्षकाला स्वतःच्या वहीत करता येते. तिला मंडळाची परवानगी लागत नाही. अडचण एवढीच की परीक्षेत ५४ ते ८९० च विचारले जाते, आणि मुलाने ४७ ते ६८ लिहिले तर त्याचा गुण जातो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी निदान हा आकडा विचारणे थांबवावे, असे मी येथे उघड लिहितो.

मार्चच्या १२ तारखेला दुपारी बाईंचा फोन आला. त्यांनी रजा टाकली नव्हती. अकराच्या तासाला एका सहकारी सरांना वर्गावर पाठवून त्या घरी आल्या होत्या. डिशची वरची कड जिथे येणार होती तिथे भिंतीवर त्यांनी आदल्या दिवशी पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. सव्वाअकराला छज्ज्याची सावली त्या खुणेच्या वीतभर वर होती, खुणेवर लख्ख ऊन होते. डिश बसवणाऱ्याला त्यांनी तिथेच उभे करून ते दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, उन्हाचा आणि सिग्नलचा काय संबंध?"

बाईंनी त्याला सांगितले. अर्धा तास लागला म्हणे.